गाडी खाली होती

हसू न आवरणं हा माझा जन्माचा रोग आहे. लग्नात अंतरपाटाच्या अलीकडे उभी असताना मी हसले, कारण भटजींना शिंकही येईना आणि मंगलाष्टकही पुढे सरकेना. सासूबाईंनी तेव्हाच कपाळावर हात मारला होता. आणि अशा बाईने पोट भरलं ते कशावर, तर लोकांच्या मोडलेल्या हाडांवर! अपघाताच्या विम्यात माझा जन्म गेला. समोर माणूस प्लास्टरमधला पाय टांगून झोपलाय, शेजारी त्याची बायको डोळे पुसतेय, आणि मी पदराचा बोळा तोंडात कोंबून खिडकीबाहेर बघतेय, हे दृश्य पांढुर्णा आणि सौंसरच्या दवाखान्यांतल्या नर्सबायांच्या चांगलं ओळखीचं आहे. मला बघितलं की त्या आधी पाण्याचा पेला आणून ठेवायच्या.

संपादक फोनवर म्हणाले, "ताई, तुमच्या कामातलं काहीतरी थरारक लिहा." माझ्या कामात थरार लोकांच्या वाट्याला यायचा, मी तो होऊन गेल्यावर बस पकडून पोचायचे. त्यामुळे जे हाताशी आहे तेच लिहिते.

आधी मी पांढुर्ण्यात, मध्य प्रदेशाच्या मराठी टोकाला, विमा विकत होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना हौसेने गोटे मारणारं हे गाव, आणि त्यात मी अपघाताचा विमा घेऊन दारोदार. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "बाई, गोटमारीत लागलं त भेटते का?" मी म्हटलं, "स्वतःहून जाऊन उभं राहिलं तर नाही भेटत." तो म्हणाला, "उभा कोन राहिला? मी त चुकवून राहिलो होतो!" मी पावतीपुस्तक मिटलं आणि पुढच्या दारी गेले.

पुढे एका कंपनीने मला तपासणीचं काम दिलं. म्हणजे असं की, अपघात झाला, कुणी भरपाईचा दावा लावला, की कंपनी मला म्हणायची, जा आणि खरं काय घडलं ते विचारून ये. मी जायचे, चहा प्यायचे, ऐकायचे, लिहून पाठवायचे. सौंसर, बोरगाव, लोधीखेडा, सगळीकडे माझं नाव 'विमेवाली बाई'. नाव विचारायच्या भानगडीत कुणी पडलंच नाही.

मागच्या काही वर्षांत मोबाइलवरून बोलवायच्या गाड्या आल्या आणि माझ्या धंद्यात अशी काही मजा आली की विचारू नका. आमच्याकडच्या लोकांना नागपूर जवळचं. बाळंतपण नागपूरला, चष्मा नागपूरला, जावई नागपूरला. बटन दाबलं की गाडी दारात येते म्हटल्यावर सगळे हरखून गेले. सौंसरचे एक निवृत्त गुरुजी नागपूरच्या बसस्टँडवर उतरले. मुलाने पुण्याहून त्यांच्यासाठी मोबाइलवर दुचाकी मागवून ठेवलेली. "बाबा, निळ्या हेल्मेटवाला येईल, त्याच्या मागे बसा." निळं हेल्मेट घातलेला एक पोरगा फोन उचलायला थांबला. गुरुजी मागे बसले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "चला!" पोरगा निघाला! पुढे एका चौकात गुरुजी म्हणाले डावीकडे, त्याला जायचं होतं उजवीकडे, आणि त्या वादात दोघंही पडले. चष्म्याशिवाय काही फुटलं नाही. मी त्या पोराला विचारलं, अरे, अनोळखी माणूस मागे बसला, तू नेलास कसा? तो म्हणाला, "काकांनी असं 'चला' म्हटलं ना बाई, का मले वाटलं आपल्याच शाळेतले सर होयत." हे ऐकताना मी त्याच्यासमोर ओट्यावर बसून इतकी हसले की त्याची आई आतून धावत आली.

पण सांगायची आहे ती शालूबाईंची गोष्ट.

शालूबाई सौंसरच्या. पन्नाशीची बाई, अंगाने बारकी, आवाजाने दणदणीत. संत्र्याच्या हंगामात माल निवडायच्या शेडमध्ये काम करायच्या. बारीक संत्रं इकडे, मोठं तिकडे, डागी खाली. दिवसभर उभ्याने. आणि चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे नाचायच्या. त्यांच्या मोहल्ल्यातल्या बाया सांगायच्या, शालू निघाल्याशिवाय मिरवणूक कोपऱ्यावरून वळत नाही. हे दोन्ही पायांवर चालणारं आयुष्य, आणि लोधीखेड्याच्या फाट्यावर त्यातल्या उजव्या पायावरून एका गाडीचं चाक गेलं.

झालं ते असं. शालूबाई लेकीकडे नागपूरला गेलेल्या. परतायच्या दिवशी जावयाने मोबाइलवर गाडीतली एक जागा घेऊन दिली. गाडीवाला पंकज, बोरगावचा, पंचविशीतला पोरगा. गाडी स्वतःची, पांढऱ्या पाटीची, म्हणजे घरच्या वापराची. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी लागते, परवाना लागतो, विमाही वेगळा आणि महाग. पंकजने त्यातलं काहीच केलेलं नव्हतं. शिवाय सगळे करतात तेच त्यानेही केलं. गाडी दाराशी लावून म्हणाला, "जावईबापू, मोबाइलवर कॅन्सल मारा. मी तसाच नेतो. कायले त्या मोबाइलवाल्याले कमिशन द्याचं?" जावईबापूंनी मारलं.

वाटेत त्याने शालूबाईंना आणि मागच्या दोन सवाऱ्यांना धडा पढवला. कुणी अडवलं तर सांगायचं, आम्ही पाहुणे आहोत. कोण कोणाचं काय लागतं तेही त्याने वाटून दिलं. शालूबाई मावशी, मागचे दोघे चुलतभाऊ. लोधीखेड्याच्या फाट्यावर शालूबाई म्हणाल्या, थांब रे, नातवाच्या बारशाचे पेढे वाटत आली, सुनेसाठी भजे घेऊन जाते. त्या उतरल्या. गोमाजी म्हाताऱ्याच्या ठेल्यावरून भज्यांचा पुडा घेऊन गाडीमागून येत होत्या. तेवढ्यात पंकजला पुढच्या वळणावर आरटीओची जीप दिसली. पांढरी पाटी, आत पैसे देऊन बसलेले चुलतभाऊ! त्याने घाबरून गाडी सरळ मागे घेतली. पुढचं सांगत नाही. चुलतभाऊ नातं तिथेच टाकून मागून येणाऱ्या बसमध्ये चढले, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. पंकजने मात्र शालूबाईंना उचललं, गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. त्या रडल्या नाहीत तेवढा तो रात्रभर रडला, असं नर्स म्हणाली.

आता थोडा विमा सांगते, कंटाळू नका, याच्यावर पुढची सगळी मजा आहे. मोबाइलवाल्या कंपनीचं प्रवाशाला थोडंफार संरक्षण असतं, पण मोबाइलवर प्रवास चालू असेपर्यंतच. कॅन्सल मारलं की तुम्ही त्या गाडीत बसलाच नव्हता. ते दार बंद. उरला गाडीचा विमा. पंकजकडे होता तो आमच्याच कंपनीचा, कायद्याने घ्यावाच लागणारा, सगळ्यात स्वस्त. त्याला थर्ड पार्टी म्हणतात. गाडीवाला पहिला, विमा कंपनी दुसरी, आणि गाडीबाहेरचं उरलेलं सगळं जग तिसरं. रस्त्याने चालणारा, सायकलवाला, ठेलेवाला. त्याला लागलं तर कंपनी देते. पण अशा खासगी गाडीत आत बसलेल्याला त्या स्वस्त विम्यात काही मिळत नाही. आणि आपल्या लोकांची पक्की समजूत नेमकी उलटी आहे. गाडीचा विमा म्हणजे गाडीत बसणाऱ्याचा विमा, बाहेरच्याला कोण विचारतो! मी इतकी वर्षं घसा कोरडा केला, ती समजूत हलली नाही.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा शालूबाई खाटेवर होत्या आणि पंकज पायाशी स्टुलावर.

"हा कोण तुमचा?" मी विचारलं.

"भाचा," शालूबाई म्हणाल्या.

"सख्खा?"

"सख्खाच समजा."

"आडनाव काय भाच्याचं?"

शालूबाईंनी पंकजकडे बघितलं, पंकजने सलाइनच्या बाटलीकडे. "भाच्याचं आडनाव कोन इचारते बाई? आमी त्याले पंकजच म्हनतो."

माझा पदर तोंडाकडे निघाला. मी कसंबसं विचारलं, "अपघाताच्या वेळी तुम्ही कुठे होता?"

"गाडीत," दोघंही एका सुरात म्हणाले. पंकजने तर पुढे जोडलं, "मावशी गाडीतच बसून होती बाई. बेल्ट लावून."

"बेल्ट लावून पायावरून चाक कसं गेलं रे?"

पंकज पुन्हा सलाइनच्या बाटलीकडे बघायला लागला. मी पाण्याचा पेला मागितला.

हसून झाल्यावर मला जरा वाईट वाटलं. पोरगा तिला वाचवायला खोटं बोलत होता, बाई दिलेल्या शब्दापायी त्याला वाचवायला खोटं बोलत होती, आणि दोघांनी मिळून तिच्या भरपाईवर चाक फिरवलं होतं. आत होती म्हटलं की संपलं. मी दार लोटून घेतलं आणि त्यांना सांगितलं, जे झालं तेच सांगा. तुम्ही बाहेर होता, तर तुम्ही थर्ड पार्टी.

शालूबाई उसळल्या. "थर्ड? मी काऊन थर्ड? आमचं घर काई थर्ड बिर्ड नाई! पोरगा माहा बी.ए. हाय!"

"अहो, थर्ड क्लास नाही, थर्ड पार्टी."

"आन पार्टीबिर्टीत बी मी नाई. मी मत देतो न घरी येतो."

त्यांना तिसरं व्हायला राजी करणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात कठीण काम. शेवटी मी म्हटलं, तुम्ही पहिल्याच, पण कागदावर तिसऱ्या. मग त्या ठीक आहे म्हणाल्या.

तिथून मी लोधीखेड्याच्या फाट्यावर गोमाजींकडे गेले. डोक्याला पांढरी टोपी, धोतर, आणि भजे तळता तळता सगळ्या रस्त्यावर नजर. त्यांनी सगळं बघितलं होतं. "मी झारा टाकून धावलो ना बाई! पायतो त काय, गाडीखाली होती! भजे सगळे सडकीवर. मी गाडीले बुक्क्या मारल्या, पुढे घे रे, पुढे घे!" सांगताना म्हातारा ठेल्याच्या फळीवर बुक्क्या मारून दाखवत होता. मी जे ऐकलं ते तसंच्या तसं लिहून कंपनीला पाठवलं. बाई गाडीबाहेर होती, पाय चाकाखाली सापडला, कंपनीला द्यावं लागेल. मला वाटलं, माझं काम संपलं.

तिकडे शालूबाईंचा पाय वाकडा जुळला. नागपूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा उघडून धातूची पट्टी घालावी लागेल, तर ह्या पूर्वीसारख्या उभ्या राहतील. नाही केलं तर कुबडी जन्माची. ते ऑपरेशन घरच्यांच्या आवाक्यात नव्हतं. भरपाई मिळाली तरच ते होणार, म्हणजे शालूबाईंचा पाय आता कोर्टात अडकला होता. शेडमधलं काम सुटलं. एप्रिल आला तेव्हा त्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या आणि मिरवणूक त्यांच्यासमोरून गेली. त्यांची सून मला म्हणाली, "आई टाया वाजवून राहिली होती, पन पाय दाबून धरला होता हातानं." हे ऐकल्यावर दोन दिवस मला काही गंमत सुचली नाही, माझ्या बाबतीत हे फार झालं.

सौंसरच्या कोर्टात दावा उभा राहिला. कंपनीचे वकील छिंदवाड्याहून यायचे. उंचेपुरे, आवाज भारदस्त, बोलताना कोटाची कॉलर सारखी नीट करायचे. त्यांनी माझं म्हणणं बाजूला ठेवलं आणि मला साक्षीलाही घेतलं नाही, कारण त्यांना पोलिसांकडे एक जादूचं वाक्य सापडलं होतं. गोमाजींनी पोलिसांपुढे सांगितलेलं, आणि ठाण्यातल्या मुन्शीजींनी हिंदीत उतरवलेलं, "गाड़ी खाली थी." वकीलसाहेब आनंदात होते. गाडी रिकामी होती म्हणजे शालूबाई त्या गाडीने आल्याच नाहीत. पाय भलतीकडेच मोडला आणि दावा खोटा.

मुन्शीजी बिचारे रीवाकडचे, नवीनच बदलून आलेले. आमच्या भागात माणूस बोलतो मराठी, सरकार लिहितं हिंदी, आणि मधल्या मध्ये काय काय सांडतं ते देव जाणे. गोमाजी म्हणाले होते, "गाडीखाली होती बाई." मुन्शीजींना 'गाडी' कळलं, 'खाली' तर त्यांच्या घरचाच शब्द, 'होती' म्हणजे थी. उरली 'बाई'. ही माणसं दर वाक्याला 'बाप्पा' म्हणतात, तसंच काहीतरी असेल म्हणून त्यांनी ती सोडून दिली. ज्या बाईचा पाय गेला तीच वाक्यातून गळाली!

गोमाजींच्या साक्षीच्या दिवशी मी बघ्यांच्या बाकावर जाऊन बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं. शालूबाई पुढच्या बाकावर, कुबडी भिंतीला टेकवलेली. पंकज एका कोपऱ्यात उभा. न्यायाधीश मॅडम जबलपूरकडच्या, गंभीर, चष्म्यावरून बघणाऱ्या. गोमाजी धुतलेली टोपी घालून उभे राहिले.

वकीलसाहेबांनी कॉलर नीट केली. "तो बाबा, तुमने पुलिस को बताया था, गाड़ी खाली थी?"

"हव साहेब," गोमाजी म्हणाले. "गाडीखाली होती."

"पक्का याद है? गाड़ी खाली थी?"

"अर्रे बाप्पा! मी माह्या डोयानं पायली ना! गाडीखालीच होती!"

"बिलकुल खाली?"

"बिलकुल खाली साहेब! पुरी खाली!"

दोघांचं इतकं एकमत मी नवरा-बायकोतसुद्धा पाहिलेलं नाही. वकीलसाहेब दर 'खाली'ला मॅडमकडे वळून मान झुकवत होते, आणि गोमाजींना वाटत होतं, वा, किती चांगला वकील आहे, आपलं सगळं पटतंय याला. ते अजून जोरात सांगत होते. शालूबाईसुद्धा मान हलवत होत्या, बरोबर, खालीच होती. सगळं कोर्ट खुशीत एकाच शब्दावर डुलत होतं. आणि माझ्या पोटात ते सुरू झालं. मी पदर कोंबला. डोळे मिटले. सासूबाईंना आठवलं. काही उपयोग झाला नाही. तोंडातून जे फुटलं त्याला हसू म्हणणंही सभ्य ठरेल.

"पीछे कौन हँस रहा है?" मॅडम म्हणाल्या.

मी उभी राहिले. डोळ्यांतून पाणी, पदर ओला. "मैडम, माफ करो. मेरेकू रोग है."

"कौन सा रोग?"

"हँसने का."

"इसमें हँसने की क्या बात है? यहाँ एक औरत का पैर टूटा है."

त्या खरंच रागावल्या होत्या, आणि बरोबरच होतं त्यांचं. मी शालूबाईंच्या कुबडीकडे बघितलं आणि ठरवलं, आता बोलायचं, बाहेर काढलं तरी चालेल. "मैडम, ये खाली और वो खाली अलग है. वकीलसाहब का खाली मतलब रिकामा. बाबा का खाली मतलब नीचे. बाबा सुबह से बोल रहे, बाई गाडी के नीचे थी."

वकीलसाहेब ताडकन उठले. ही बाई कोण, मध्ये बोलण्याचा हिला अधिकार काय! मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि गोमाजींना विचारलं, "बाबा, कौन नीचे था?"

"बाई!" गोमाजी ओरडले. "शालूबाई! नीचे!" आणि एवढ्याने या शहाण्या लोकांना कळणार नाही असं वाटल्यावर त्यांनी टोपी काढून कठड्यावर ठेवली, खाली उतरले आणि सरळ वकिलांच्या टेबलाखाली उताणे झोपले. नुसतं धोतर आणि एक पाय बाहेर. आतून आवाज आला, "अशी! असा पाय, आन असं चाक!" चाक म्हणून त्यांनी धरला तो वकीलसाहेबांचा बूट.

मग मी एकटी राहिले नाही. शिपाई हसला, टायपिस्ट हसला, तारखेला आलेले दोन चोर हसले. मॅडमनी पेन तोंडासमोर आडवं धरलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. शालूबाई तर कुबडीवर डोकं टेकवून हसल्या.

शांत झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "वकील साहब, गाड़ी खाली थी, तो ये अंदर नहीं थीं. गाड़ी के नीचे थीं, तो भी अंदर नहीं थीं. और आपकी पॉलिसी तो बाहर वालों के लिए ही है ना?" वकीलसाहेबांनी टेबलाखालून बूट सोडवून घेतला आणि पाणी प्यायलं. सबंध सकाळ त्यांनी जीव तोडून शालूबाईंचाच दावा लढवला होता.

मॅडमनी जाता जाता पंकजला विचारलं, "तुम इनके कौन लगते हो?"

"भाचा!" शालूबाई त्याच्या आधी ओरडल्या. अजूनही! दिलेला शब्द म्हणजे शब्द.

पंकजने मान खाली घातली. "नाई मॅडम. मी सवारी घेतली होती. पैसे घेऊन." भाड्याने नेल्याचं कबूल केलं की कंपनी शालूबाईंना देते, पण नंतर त्याच्याकडून वसूल करू शकते, हे त्याला त्याच्या वकिलाने बजावून सांगितलेलं. तरी तो बोलला. मला त्या पोराचा इतका अभिमान वाटला की जणू माझाच भाचा. शालूबाईंनी कपाळावर हात मारला. "आता काय म्हनू तुले, बह्यताडा!"

निकाल शालूबाईंच्या बाजूने लागला. कंपनीने दिलं, मग पंकजच्या मागे लागली आणि त्याची गाडी विकली गेली. मला कंपनीचा फोन आला नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. लोक विचारतात, तुम्ही रिटायर केव्हा झालात? मी सांगते, झाले नाही, हसण्यावारी गेले. काम गेल्याचं वाईट वाटतं, नाही कसं? अजूनही रस्त्यात दोन गाड्या एकमेकींना घासल्या की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. पण मुन्शीजींनी बदली होऊन जाण्याआधी मला निरोप पाठवला होता, की ते आता प्रत्येकाला विचारून घेतात, "भैया, कौन सा खाली?" म्हणजे जिल्ह्यात माझं काहीतरी उरलं.

शालूबाईंचं ऑपरेशन झालं. यंदा मिरवणुकीच्या आधी त्यांचा हुकूम आला, बाई, जेवाले या. मी पांढुर्ण्याहून सौंसरच्या बसस्टँडवर उतरले तर त्या घ्यायला उभ्या. उभ्या! दोन्ही पायांवर, निळी साडी, हातात कुबडी नाही. मला बघताच त्यांनी तिथेच एक गिरकी मारली आणि शेंगदाणेवाल्याला धडकल्या. आम्ही दोघी एकमेकींना धरून इतक्या हसलो की लोकांना वाटलं कुणाचंतरी लग्न ठरलं.

ऑटोच्या रांगेत पहिलाच ऑटो पंकजचा. परवान्याचा, पिवळ्या पाटीचा, सवारीच्या विम्यासकट. विम्याचा कागद त्याने मला आधी दाखवला, मग नमस्कार केला. हल्ली तो शालूबाईंकडे सणासुदीला जेवायला असतो, आणि मोहल्ल्यात कुणी आडनाव विचारत नाही.

शालूबाईंनी सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी हाक दिली, "काऊन रे भाचा, खाली हाय का?"

पंकज ऑटोतून उतरला. गुडघ्यावर बसला, जमिनीला गाल लावला आणि ऑटोखाली वाकून बघितलं. मग हात झटकत उठला. "खाली कोनी नाई, मावशी. बसा."

सगळा स्टँड हसला. हा त्यांचा रोजचा खेळ दिसत होता. मीही पदर हातात घेतला, आणि तेवढ्यात बघितलं, पंकज अजून बसला नव्हता. तो मागे गेला. दोन्ही मागच्या चाकांशी वाकला, हात फिरवला, रस्ता बघितला, मगच पुढे आला. त्यात खेळ नव्हता. शेजारचा ऑटोवाला हळूच म्हणाला, "दर सवारीले पायते बाई. कोनी नसलं तरी पायते."

पदर तसाच हातात राहिला. मला हसू आलं नाही. मला, अंतरपाटाअलीकडे हसलेल्या बाईला, तिथे भर बसस्टँडवर रडू यायला लागलं.

शालूबाईंनी उजवा पाय, तोच, दणकन ऑटोच्या पायरीवर ठेवला, वर चढल्या, आत सरकल्या आणि बाजूच्या जागेवर थाप मारली.

"बसा ना बाई! तुमी कायले खाली उभ्या?"